खाचरापासून खाजणापर्यंत

तंजावरच्या शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या थोरल्या मुलाने, १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि गावाला शहाजीराजपुरम असे दुसरे नाव मिळाले. रामभद्र दीक्षित इथले, श्रीधर वेंकटेश अय्यावाळही इथलेच. मराठी राजाने दान दिलेल्या या गावाचा उल्लेख आपल्याकडे झालाच तर संस्कृत नाटकांच्या किंवा भजनपरंपरेच्या अनुषंगाने होतो. पण दानपत्राने विद्वानांच्या हाती पडली ती कावेरीच्या गाळाची, पाटाच्या पाण्यावर भात पिकवणारी जमीन. त्या जमिनीत भाताशिवाय काय उगवत होते, खाचरात काय पोहत होते, बांधावर कोणते पक्षी उतरत होते आणि त्यातले आज काय उरले आहे, हे फारसे कोणी विचारलेले नाही. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे, आणि तो एका गावात मावत नाही.

एका जागी, एका वेळी एकत्र नांदणारे सगळे सजीव मिळून जो मेळ होतो त्याला परिसरशास्त्रात जीवसमुदाय म्हणतात. शेवाळ, लव्हाळा, डासांच्या अळ्या, कोळी, बेडूक, मरळ मासा, बगळे आणि चिखलातले जिवाणू, सगळे त्यात आले. जागा बदलली की हा मेळ का बदलतो आणि तीच जागा असताना काळ पुढे सरकला की तो का बदलतो, हे या शास्त्राचे दोन जुने प्रश्न. पाठ्यपुस्तकांत त्यांना दोन वेगळी प्रकरणे दिलेली असतात. माझे म्हणणे असे की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ही दोन प्रकरणे वेगळी काढता येत नाहीत, आणि काढली तर दोन्हीची उत्तरे चुकतात. इथल्या प्रत्येक खाचराचे आजचे रूप वरच्या अंगाने कोणी किती पाणी सोडले आणि ते कोणत्या तारखेला पोचले यावर ठरते. म्हणजे दुसरी जागा आणि गेलेला काळ, दोन्ही एकाच वेळी त्या खाचरात हजर असतात.

मराठी वाचकाला जागेप्रमाणे होणारा बदल समजावून सांगावा लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आले की तो त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतो. वर अंजन, जांभूळ, पिसा यांचे सदाहरित रान, खाली बाभूळ, बोर आणि कुसळी गवत. चढ-उतार डोळ्यांना दिसतो, पाऊस अंगाला कळतो. तिरुविसनल्लूरला यातले काहीच नाही. गाव समुद्रसपाटीपासून पंचवीसेक मीटरवर, आणि तिथून पूम्पुहारच्या किनाऱ्यापर्यंत साठ-सत्तर किलोमीटरात जमीन तेवढीच उतरते. पाऊसही वाटेत फारसा बदलत नाही. त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तरीही या सपाट पट्टीत गोड्या पाण्याचे भातखाचर, देवळाचे तळे, ताडाचे माळ, तिवरांचे खाजण आणि वाळूवरचे कोरडे सदाहरित रान असे पाच निराळे संसार आहेत. उंची आणि पाऊस यांच्या आधाराने ते उलगडत नाहीत. पाणी कोण, केव्हा, कुठे वळवतो याने उलगडतात.

तमिळ भूमीला हा विचार नवा नाही. संघकाळच्या कवींनी भूमीचे पाच प्रकार मानले: डोंगराची कुरिंजी, रानाची मुल्लै, नदीकाठच्या शेतीची मरुदम, समुद्रकाठची नेय्दल आणि ओसाड, तापलेली पालै. प्रत्येकीचे झाड वेगळे, पक्षी वेगळा, माणसे आणि त्यांचा धंदा वेगळा, ऋतू आणि दिवसाचा प्रहरही वेगळा. प्रेमकाव्याच्या संकेतांसाठी केलेली ही मांडणी, पण ज्यांनी ती केली त्यांची नजर जीवसमुदायावर होती यात मला शंका नाही. मरुदम भूमीचे झाड काही जण अर्जुन मानतात, काही जण ताम्हण, जे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. तिरुविसनल्लूरपासून जवळच असलेल्या तिरुविडैमरुदूरच्या शिवमंदिराचे स्थलवृक्ष अर्जुनच आहे, आणि अर्जुन हे मुळात नदीकाठचेच झाड. या मांडणीत मला सर्वात मोलाची वाटते ती शिलप्पदिकारम या महाकाव्यातली एक जागा. तिथे पालै ही पाचवी, कायमची भूमी म्हणून येत नाही. मुल्लै आणि कुरिंजी कडक उन्हाने आपला मूळ स्वभाव गमावतात तेव्हा त्यांचीच पालै होते, असे कवी सांगतो. नकाशावरचा एक रंग म्हणजे दुसऱ्या रंगाची काळाने बदललेली अवस्था असू शकते, हे त्याने ओळखले होते.

आधुनिक शास्त्राला तिथे पोचायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची वाट पाहावी लागली. हेन्री काउल्स यांनी १८९९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर दाखवून दिले की पाण्यापासून आत चालत जावे तसे गवत, झुडपे, पाइन, ओक असे पट्टे लागतात, आणि हे पट्टे म्हणजे एकाच वाळूच्या वाढत्या वयाची पाने आहेत. जागेवरून चालत काळ वाचायचा. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये त्यातून भव्य सिद्धांत उभारला: समुदाय जन्मतो, वाढतो आणि त्या हवामानाला साजेशा शेवटच्या, स्थिर रूपाला पोचतो. हेन्री ग्लीसन यांना हे पटले नाही. त्यांच्या मते प्रत्येक जात आपल्या गरजेप्रमाणे येते आणि जाते. समुदाय ही त्या क्षणापुरती जमलेली मंडळी. पुढे रॉबर्ट व्हिटेकर यांनी डोंगरउतारांवरच्या झाडांची मोजदाद करून ग्लीसन यांच्या बाजूला वजन टाकले. एका जागेतली विविधता आणि जागेजागेतल्या फरकाची विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही व्हिटेकर यांनीच १९६० मध्ये नेमकेपणाने मांडले. त्रिभुज प्रदेशात मी ग्लीसन यांच्या बाजूचा आहे. इथे शेवटचे रूप नावाची गोष्टच नाही, कारण दर वर्षी नांगर आणि पाणी मिळून पाटी पुसतात.

ती पाटी पुन्हा कशी भरते, हे मला या सगळ्या विषयातले सर्वात देखणे प्रकरण वाटते. उन्हाळ्यात खाचराची काळी माती भेगाळते. त्या भेगांत पिसवांसारख्या बारीक जलजीवांची अंडी कोरडी पडलेली असतात, गोगलगायी शंखाचे झाकण घट्ट लावून झोपलेल्या असतात, बेडूक खोल ओलाव्यात शिरलेले असतात. पाटाला पाणी आले आणि चिखलणी झाली की पहिल्या काही दिवसांतच ती अंडी फुटतात. पाण्यावर हिरवी-निळी शेवाळे धरतात. त्यांतली काही हवेतला नत्र मातीत बांधतात, आणि भातशेतीला त्यांचा उपयोग आहे हे पी. के. दे यांनी १९३९ मध्येच दाखवले होते. चिखलणीच्या मागोमाग गायबगळे आणि साळुंक्या उघडे पडलेले किडे वेचतात. लावणीनंतर रोपे लहान असतात, ऊन थेट पाण्यावर पडते, शेवाळ वाढते, आणि त्यावर चिलटांच्या व डासांच्या अळ्या पोसतात. त्या खायला पाणभुंगेरे, चतुरांच्या अळ्या, बेडकांची पिल्ले, कोळी. पाटातून आलेली मरळ आणि शिंगी खाचरात शिरते. रोपे फुटवे धरतात, पाने एकमेकांना भिडतात, पाण्यावर सावली पडते आणि शेवाळाचे राज्य संपते. आता देठ आणि पाने खाणाऱ्या किड्यांची पाळी असते. लव्हाळा, सावा, चौपानी, माका हे तण खुरपणीतून वाचले तर याच वेळी डोके काढते. कणसे पोसू लागली की उंदीर येतात. त्यांच्यासाठी इथे बांबूच्या कमानीचा सापळा लावतात, तो ‘तंजावर किट्टी’ म्हणून शेतीच्या पुस्तकांतही गेला आहे. कापणीआधी पाणी काढून टाकतात, आणि उथळ होत जाणाऱ्या डबक्यांतल्या गोगलगायींसाठी उघड्या चोचीचे करकोचे जमतात. कापणीनंतर बदकवाले आपले कळप सांडलेल्या दाण्यांवर सोडतात. तंजावरकडे सांबा हंगामाच्या उभ्या भातातच, कापणीला आठवडाभर असताना, उडीद किंवा मूग फेकण्याची जुनी रीत आहे. उरलेल्या ओलाव्यावर ती कडधान्ये येतात. शेतकऱ्याने समुदायाचे पुढचे पान स्वतः उलटलेले असते.

या क्रमाला किती किंमत आहे ते जावामध्ये कळले. तिथे सत्तर-ऐंशीच्या दशकांत तपकिरी तुडतुड्याने भातशेती उद्ध्वस्त केली होती, आणि जितकी फवारणी वाढली तितका तुडतुडा वाढला. इंडोनेशियाच्या सरकारने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशके वापरायला बंदी केली. पुढे विल्यम सेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाचरांची मोजणी केली तेव्हा कारण उलगडले. हंगामाच्या सुरुवातीला, भात खाणारे किडे अजून आलेच नसतात तेव्हा, चिलटे आणि कुजका पाला खाणारे बारीक जीव प्रचंड संख्येने असतात. कोळी आणि इतर शिकारी त्यांच्यावर आधीच पोसून तयार असतात. लवकर केलेली फवारणी हे शिकारी आणि त्यांचा चारा दोन्ही मारते. मग तुडतुडा येतो तेव्हा पहाऱ्यावर कोणी नसते. काळाचा क्रम मोडला की समुदाय मोडतो याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. चिलटांनी भरलेल्या खाचराकडे पाहून नाक मुरडणाऱ्याला हे प्रकरण मुद्दाम वाचायला सांगावेसे वाटते.

कावेरीच्या खाचरांत काउल्स यांची युक्ती चालते. तिरुविसनल्लूरच्या शिवारात पाणी पाळीपाळीने पोचते, म्हणून एकाच दिवशी एक खाचर चिखलणीत, शेजारचे फुटव्यात, पलीकडचे नर्सरीत असते. बांधाने चालत गेले की हंगामाचे आठवडे पायाखालून जातात. पण हीच युक्ती गावापासून समुद्रापर्यंत लावली तर ती फसवते. खाजणाची पुढची अवस्था खाचर, असे मानायला मन धावते, कारण हा सारा प्रदेश गाळाने समुद्राकडे सरकत बनला आहे. प्रत्यक्षात आजची खाजणे वरच्या पाण्याच्या कमी-जास्तीने दर दशकाला बदलत आहेत, आणि काही ठिकाणी हा प्रवास उलट्या दिशेने चालू आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारे पाणी शिरते आणि भाताच्या जागी कोळंबीची तळी येतात.

या बदलाची मुख्य तारीख १९३४ ची आहे. त्या वर्षी कावेरीवरचे मेट्टूरचे धरण पुरे झाले. त्याआधी नैर्ऋत्य मोसमी पावसात कर्नाटकातल्या डोंगरांवर पाऊस पडला की कावेरी तांबडी होऊन त्रिभुज प्रदेशात येई आणि गाळ, बी, माशांची पिल्ले घेऊन कालव्याकालव्यांत शिरे. नंतर पाणी धरणाच्या दारांतून येऊ लागले, ठरलेल्या दिवशी. १२ जून ही कुरुवै हंगामासाठी पाणी सोडण्याची तारीख झाली. समुद्रातून पुराच्या पाण्याला तोंड देत वर चढणाऱ्या हिलसा माशाला पूरच मिळेना. कावेरीतली त्याची चढण धरणानंतर जवळपास संपली. कोल्लिडम या कावेरीच्या फाट्यावर एकोणिसाव्या शतकातच बांधलेला खालचा बंधारा त्याच्या वाटेत आधीपासून होता, पण पूर असेपर्यंत त्याला काही आशा होती. उलट पहिल्यांदाच ठरावीक तारखेचे पाणी मिळाल्याने पहिल्या हंगामाच्या भाताची शेती विस्तारली. एका जातीचा तोटा आणि दुसऱ्या पिकाचा फायदा एकाच दारातून आले, म्हणून धरणाविषयी एका शब्दात बोलणे मला जमत नाही.

पुढचे बदल वेगाने आले. गावापासून हाकेच्या अंतरावर म्हणता येईल अशा आडुतुरै इथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. १९६० मध्ये देशातल्या सघन शेती कार्यक्रमात तंजावर जिल्हा निवडला गेला आणि त्याच दशकात आडुतुरैच्या ‘एडीटी २७’ या लवकर पिकणाऱ्या वाणाने कुरुवैचा चेहरा बदलला. हंगाम आखूड झाला म्हणजे खाचरातल्या प्रत्येक जिवाला आपले आयुष्य उरकायला कमी दिवस मिळाले. ज्यांना घाई जमली ते टिकले. १९५२ मध्ये रामेश्वरजवळच्या मंडपमला आणलेला आफ्रिकेचा तिलापिया तळ्यातळ्यांत पसरला. तमिळ माणूस त्याला जिलेबी केंडै म्हणतो आणि आवडीने खातो, पण देवळाच्या तळ्यात आता बहुधा तोच सापडतो. जलपर्णीने साचलेले कालवे झाकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून आणलेली वेडी बाभूळ कालव्याच्या शेपटाकडच्या, पाणी न पोचणाऱ्या शेतांत शिरली. आणि देवळांच्या दिव्यांच्या तेलासाठी राखलेल्या मोहाच्या राया, तेलाची गरज संपली तशा विरळ होत गेल्या.

खाली समुद्राकडे गेले की वरच्या दारांचा हिशेब उघड होतो. कोल्लिडम आणि वेळ्ळारच्या मुखांमधल्या पिच्चावरमच्या खाजणात कांदळ आणि तिवर दोन्ही आहेत, पण गोडे पाणी जसे आटले तशी मीठ सोसणाऱ्या तिवराची सरशी झाली. प्रदेशाच्या दक्षिण टोकाला मुत्तुपेट्टैचे खाजण तर जवळजवळ एकट्या तिवराचेच आहे. पिच्चावरममध्ये पूर्वी वनखात्याने पट्ट्यापट्ट्यांनी केलेल्या तोडीत उघडी पडलेली जमीन खचली, त्यात भरतीचे पाणी साचून खारट झाले आणि पुन्हा काही उगवेना. लावणी करूनही रोपे मरत. १९९० च्या दशकात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, वनखाते आणि गावकरी यांनी माशाच्या काट्यासारखे चर खणून भरती-ओहोटीला वाट करून दिली, तेव्हा रोपे जगू लागली. आधी पाणी हलवायचे, मग झाडे आपली येतात, हा तिथला धडा खाचराच्या धड्यापेक्षा वेगळा नाही. आणखी दक्षिणेला कोडियक्करैला वाळूवर रांजणाचे कोरडे सदाहरित रान, त्यात काळवीट, आणि शेजारच्या खाऱ्या दलदलीत हिवाळ्यात रोहित पक्षी. २००४ च्या त्सुनामीने नागपट्टिणमच्या शेतांत मीठ भरले. पावसाने ते बरेचसे धुऊन नेले. २०१८ च्या नोव्हेंबरात गजा वादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर आले आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. हे धक्के नेहमी बातम्यांत येतात. धरणाची दारे उशिरा उघडण्याचा धक्का कमी दिसतो आणि जास्त खोल जातो. २०१२ पासून सलग आठ वर्षे १२ जूनला पाणी सुटले नाही. २०२० मध्ये ती तारीख पुन्हा पाळली गेली.

पूर्वी इथे काय होते हे कशावरून सांगायचे? नशिबाने हा किनारा भारतात सर्वात आधी शास्त्रीय नजरेने पाहिला गेलेल्यांपैकी आहे. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत लिनियसचा शिष्य योहान कोनिग १७६८ मध्ये आला. तिथल्या मिशनऱ्यांनी झाडे वाळवून, मासे दारूत बुडवून युरोपला पाठवले. डाल्डोर्फ नावाच्या डॅनिश अधिकाऱ्याने १७९१ मध्ये तरंगंबाडीला तळ्याकाठच्या ताडाच्या खोडावर चढलेला मासा पकडल्याचे लिहिले. तमिळमध्ये तो ‘ताडावर चढणारा केंडै’ म्हणूनच ओळखला जातो, आणि ओल्या गवतातून एका डबक्यातून दुसऱ्यात सरपटत जाणे त्याला खरेच जमते. त्या वेळच्या जलसंपन्न, डबक्यांनी जोडलेल्या प्रदेशाची ही साक्ष आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या चित्रकारांकडून पक्ष्यांची आणि प्राण्यांची चित्रे काढून घेतली. त्यांतला एक मोठा संच रेसिडेंट टॉरिन यांच्यामार्फत इंग्लंडला गेला आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या पोथ्यांइतकाच हा ठेवा मराठी माणसाने आपला मानावा असे मला वाटते, कारण तंजावरच्या दरबाराने केलेल्या कामांत निसर्गाकडे इतक्या एकाग्रतेने पाहिलेले दुसरे काम नाही. मात्र चित्रात पक्षी एकटा असतो. कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात, कोणाच्या सोबतीने तो होता, हे चित्र सांगत नाही, आणि समुदाय म्हणजे नेमके तेच.

अय्यावाळांची कथा गावात सगळ्यांना पाठ आहे. श्राद्धाचे अन्न त्यांनी दारी आलेल्या भुकेल्या अंत्यजाला दिले, गावाने त्यांना गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले आणि गंगा त्यांच्या अंगणातल्या विहिरीत आली. कार्तिक अमावास्येला आजही त्या विहिरीवर लोक स्नानाला येतात. कथेचा गाभा करुणेचा आहे आणि तो तसाच राहावा. मला त्यात एवढेच जोडायचे आहे की दूरची नदी अंगणातल्या विहिरीत येते हे ज्या गावाला तीनशे वर्षे सहज पटले आहे, त्या गावाला कूर्गच्या डोंगरातला पाऊस आणि आपल्या बांधावरचा करकोचा एकाच दोरीला बांधलेले आहेत हे समजावून सांगणे अवघड जाऊ नये.

पुस्तकाची रचना या विचारानेच केली आहे. प्रकरणे ‘स्थळ’ आणि ‘काळ’ अशी वाटलेली नाहीत. पहिले प्रकरण खाचराच्या एका हंगामाचे, दुसरे कालव्याचे, तिसरे देवळाच्या तळ्याचे, पुढची दोन खाजणाची, आणि प्रत्येकात मेट्टूरआधीचे पाणी आणि नंतरचे पाणी शेजारी ठेवले आहे. शास्त्रीय नावे शेवटी सूचीत आहेत. मजकुरात जिथे मराठी नाव प्रचारात आहे तिथे ते वापरले, नाही तिथे तमिळ नाव ठेवले, कारण ज्या जिवाला तिथल्या माणसाने नाव दिले आहे त्याला नवे नाव घडवण्याची गरज नाही. कोकणात किंवा भंडाऱ्याकडे ज्यांचे स्वतःचे भाताचे खाचर आहे त्यांनी पहिले प्रकरण आपल्या बांधावर बसून वाचावे आणि समासात आपल्याकडच्या तारखा लिहाव्यात: पाणी केव्हा भरले, चिलटे केव्हा दिसली, बगळे केव्हा आले. समासाची जागा त्यासाठी मुद्दाम रुंद ठेवली आहे.